स्त्रीदेह आणि इन्सुलिन



सोळा-सतरा वर्षांची एखादी मुलगी ओढणीने हनुवटी झाकून मागच्या बाकावर बसू लागते. पाळी चार-चार महिने येत नाही, मानेवर काळसर पट्टा उमटतो. आमच्या काकतीसारख्या गावात ही गोष्ट लग्न ठरेपर्यंत झाकून ठेवतात. पुढे मूल होण्यास विलंब झाला की बोल लागतो तो तिलाच. या विकारास पीसीओएस म्हणतात.

याचे नाव मात्र फसवे आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे बीजकोश पुटींनी भरलेले दिसले, म्हणून सारा दोष बीजकोशांवर आला. वस्तुतः त्या पुटी म्हणजे पुरती वाढ न होता मध्येच थांबलेल्या बीजांच्या पिशव्या होत.

त्या का थांबतात, हे शोधू गेल्यास वाट पुष्कळदा स्वादुपिंडाकडे जाते. तेथून स्रवणारे इन्सुलिन रक्तातील साखर पेशींत पोहोचविते. पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओतू लागते. स्नायू असे बहिरे झाले तरी बीजकोशाला त्याची हाक ऐकू येतच असते! त्या भरात तो पुरुषी संप्रेरके जास्त निर्माण करतो. शिवाय ही संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिनही यकृतात कमी तयार होते. मग ओठांवर लव येते, मुरुमे उठतात, बीज सुटत नाही. इन्सुलिन टोरंटोत सापडले १९२१ साली. त्याच वर्षी पॅरिसच्या आशार व तिएर यांनी दाढी असलेल्या स्त्रियांच्या मधुमेहाची नोंद केली. पण दोन्ही धागे जुळण्यास १९८० साल उजाडावे लागले.

‘पोर तर काडीसारखी, तिला कसला साखरेचा विकार?’ असे आया विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात असे दिसले की, आपल्याकडची बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी राखून जन्मतात. तेव्हा नुसत्या काट्यावर विसंबणे बरे नव्हे.

वजन जास्त असेल तर त्यातील पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. रोज झपझप चालल्याने स्नायू इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतात. डॉक्टर काहींना मेटफॉर्मिन देतात. बेळगावचा कुंदा सणासुदीला चाखण्यास हरकत नाही. सडपातळ मुलीला उपाशी ठेवणे मात्र अगदी चूक. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे थोडी अनियमितता स्वाभाविकच असते. त्यानंतरही ती वरचेवर लांबत असेल तर डॉक्टरांकडे जावे, आणि थायरॉइडबरोबर रक्तातील साखरही तपासून घ्यावी.