पाण्याखालचं कुरण

पहाटे 5:30

लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट अजून अंधारात आहे. मशिदीतून अजान येते आणि पाठोपाठ किनाऱ्यावर टूनाच्या होड्यांची इंजिनं खोकायला लागतात. मी अंथरुणात पडल्या पडल्या आधी झावळ्या ऐकते. त्या सळसळत असल्या तर लगूनमधलं पाणी गढुळणार, दिवस वाया. आज आवाज नाही. वारा पडलाय.

माझं काम समुद्राखालचं गवत मोजायचं आणि ते खाणारी कासवं मोजायची. पगार बेताचा, केस कायम खारट. आई शेजारणींना सांगते, “ती तिकडे कासवांची शिरगणती करते.” व्याख्या म्हणून यात काही चूक नाही.

सकाळी 6:30

काळा चहा, त्यात साखर भरपूर. होडीवाले काका आधीच कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून होडीतलं पाणी उपसतायत. वय सत्तरीच्या आसपास. मी मोडक्या मल्याळममध्ये बोलते, ते त्याहून मोडक्या हिंदीत, आणि काम चालतं. ते मला ‘मोळे’ म्हणतात, म्हणजे पोरी.

लक्षद्वीपचा नकाशा डोक्यात बसला की इथला दिवस समजतो. बेट म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या पूर्वेच्या अंगाला साचलेली वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्या पूर्वेला लगेच खोल समुद्र, पश्चिमेला उथळ, हिरवंनिळं लगून आणि लगूनच्या पलीकडच्या काठावर रीफ, जिथे अरबी समुद्र दिवसभर डोकं आपटत असतो. लाटा तिकडे फुटतात आणि आत पाणी परातीत ठेवल्यासारखं राहतं. पर्यटकांची स्नॉर्केलिंगची जागा तीच, कासवांची चरायची जागा तीच, आणि मासेमारांची आमिषाचे बारके मासे धरायची जागाही तीच. भांडणाचं मूळ इथेच आहे, पण ते दुपारी सांगते.

सकाळी 7:15

मास्कच्या काचेवर थुंकायचं, बोटाने चोळायचं, पाण्यात एकदा बुचकळायचं. बाजारात काच न धुरकटण्यासाठी महागड्या बाटल्या मिळतात; माझ्या अनुभवात थुंकीला तोड नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा, कारण पाठ भाजली की रात्री झोप नाही. सनस्क्रीनची नळी मी किनाऱ्यावरच ठेवते. ते तेल शेवटी प्रवाळावरच जाऊन बसतं.

सामान असं: पन्नास मीटरची मोजपट्टी, पीव्हीसी पाइपांची अर्धा मीटर बाजूची चौकट, पाटी आणि पेन्सिल. पाटीच. पाण्याखाली पेन चालत नाही, पेन्सिल चालते. पहिलीतली पाटी तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा हातात येईल असं वाटलं नव्हतं.

उलटी गिरकी घेऊन पाण्यात जाते. पहिले काही श्वास नळीतून घेताना छाती अजूनही कुरकुरते, दोन वर्षं झाली तरी. तोंड पाण्यात आणि श्वास चालू, हे शरीराला पटायला थोडा वेळ लागतो. मग स्वतःच्या श्वासाचा घोरल्यासारखा आवाज तेवढा उरतो.

खाली कुरण. गवत म्हणते ते शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात. इथे मुख्यतः दोन जाती, थॅलॅसिया आणि सिमोडोसिया. चौकट टाकायची, आतले कोंब मोजायचे, पात्यांची लांबी पट्टीने घ्यायची, पुढे सरकायचं. कंटाळवाणं आहे का? आहे. भाताच्या खाचरात पालथं पडून दाणे मोजण्यासारखं आहे.

तिसऱ्या चौकटीपाशी पात्यांची टोकं कात्रीने कापल्यासारखी सरळ दिसली. मान वर केली तर चार मीटरवर ती होती.

हिरवं कासव. पाठ हिरवी नसते, तपकिरी असते आणि तिच्यावर उन्हाच्या किरणांसारख्या रेघा. नाव पडलं ते आतल्या चरबीच्या हिरवट रंगावरून. म्हणजे ज्यांनी नाव दिलं त्यांनी आधी कापून पाहिलं होतं. पूर्ण वाढलेलं कासव मीटरभर लांब आणि दीडशे किलोच्या घरात जातं. ही त्यापेक्षा बरीच लहान. ‘ही’ म्हणते खरी, पण या वयात नर-मादी बाहेरून कळत नाही. नराची शेपटी लांब होते ती वयात आल्यावर, आणि वयात यायला यांना पंचवीस-तीस वर्षं सहज लागतात.

ती चरत होती. पुढचे वल्ह्यासारखे पाय वाळूवर टेकलेले, मान डावी-उजवीकडे, करवतीसारख्या धारेच्या चोचीने घास तोडायचा आणि पुढच्या पावलाला जायचं. अगदी गोठ्यातली म्हैस. पाठीवर वाढलेलं शेवाळ दोन-तीन मासे टोचून खात होते, त्याचंही तिला काही नव्हतं. मी हात अंगाशी घेऊन तरंगत राहिले. काही मिनिटांनी ती उठली, माझ्याकडे न बघता वर आली, डोकं पाण्याबाहेर काढून एकच फुस्स केलं आणि खाली गेली. चरताना ती अशी थोड्या थोड्या वेळाने वर येते. झोपेत मात्र तासन् तास खाली राहू शकते. गोष्टीतल्या सशाला हे कुणी सांगायला हवं होतं, शर्यत दमसासाची लावली असती तर निकाल लागायला इतकी पानं लागली नसती.

सकाळी 9:30

पिंजरा तपासणी. कुरणाच्या एका तुकड्यावर आम्ही जाळीचं झाकण ठोकलंय, मासे आत-बाहेर करतील पण कासव शिरणार नाही असं. आतलं गवत माझ्या वितीएवढं. जाळीच्या बाहेर बोटाच्या पेराएवढं, पलीकडे नुसती वाळू. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आलेख काढायची गरज वाटत नाही. आलेख तरीही काढावे लागतात.

सकाळी 11

डोक्यावरून विमान गेलं. कोचीहून येणारं छोटं विमान. धावपट्टी जेमतेम 1200 मीटरची, बेटाच्या दक्षिण टोकाला, दोन्ही बाजूंना समुद्र. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले स्नॉर्केलिंगचे फोटो देशभर फिरले आणि आमच्या गावातल्या ज्यांनी कधी हे नाव ऐकलं नव्हतं ते परमिटची चौकशी करायला लागले.

आज पाण्यावर ठाण्याचं कुटुंब. स्थानिक गाइडच्या होडीत जीवरक्षक जाकिटं घालून बसलेले काका, काकू, कॉलेजातली मुलगी. माझी पाटी बघून मुलगी म्हणाली, “आई, ही मराठीत लिहितेय!” झालं, मी होडीत चढले. काकूंनी आधी चकली दिली, मग गाव विचारलं.

“गुहागर? मग तुमच्याकडे आहेतच की कासवं. इथे कशाला आलीस?”

“ती वेगळी, काकू. आपल्याकडे येतात ती ऑलिव्ह रिडले. रात्री येऊन अंडी घालतात आणि जातात. ही इथे राहून चरतात.”

काकांनी कॅमेरा मनगटाला बांधला, उडी घेतली आणि दिसलेल्या पहिल्या कासवामागे निघाले. गाइड ओरडतोय, काका पुढे. पाठलाग झाला की कासव वर यायचं टाळतं, श्वास अर्धवट राहतो आणि ते खोल पाण्याकडे पळतं. दोन फटक्यांत ते दिसेनासं झालं. काका धापा टाकत होडीला लटकले.

“हात लावणार नव्हतो गं. नुसता नमस्कार.”

मला हसू आलं, पण खोटंही नव्हतं ते. शंकराच्या देवळात नंदीच्या पुढ्यात दगडाचं कासव असतं, त्याला हात लावून हात कपाळाला नेल्याशिवाय आपण आत जात नाही. सवय हाताला असते. मी म्हटलं, “काका, याला नमस्कार तीन-चार मीटरवरून. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे हे. छळलंत तर गुन्हा.” 1972 चा कायदा म्हटल्यावर काका जरा सरळ झाले. ते निवृत्त सरकारी अधिकारी, अनुसूचीची भाषा त्यांना कळते.

काकूंना पोहता येत नव्हतं. त्या जाकिटात, एका हाताने दोर धरून, तोंड पाण्यात घालून नुसत्या पडून होत्या. आणि त्यांच्यापासून दोन हातांवर एक भलं मोठं कासव वर आलं, श्वास घेतला, गेलं. त्यांनी तोंडातून नळी काढली. “अगं बाई! अगदी आमच्या सासऱ्यांसारखा उसासा टाकला.”

गाइड मला नंतर म्हणाला, त्याच्या अनुभवात कासवं नेहमी न पोहता येणाऱ्यांनाच जवळून दिसतात.

दुपारी 1:30

भात, टूनाचं कालवण, ओल्या नारळाची चटणी. होडीवाले काका माडाखाली जाळं सोडवत बसलेत. आता ते भांडण.

काकांच्या लहानपणी इथे कासव मारायचे ते मुख्यतः चरबीसाठी; ती कढवून होडीच्या लाकडाला लावत. कायदा आला, मग होड्याही बदलल्या. कासवं वाचली. दरम्यान मोठे शार्क, जे त्यांना खात, ते समुद्रात कमी होत गेले. 2000 नंतरच्या दशकात अगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची इतकी दाटी झाली की कुरण त्यांना पुरेना. गवत गेलं तसे त्या गवतात वाढणारे मासेही गेले. रोहन आर्थर, अपर्णा लाल, नचिकेत केळकर अशा अभ्यासकांनी ते मोजून मांडलं. मग कासवं दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे सरकली आणि तिथेही तेच झालं. 2021 मध्ये मयुरेश गंगल आणि सहकाऱ्यांनी द्वीपसमूहातल्या एकेका कुरणाचा हा क्रम प्रसिद्ध केला. इथे उरलेत ते गवताचे तुकडे आणि मागे राहिलेली कासवं.

काकांनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की पूर्वी उथळ पाण्यात जाळं टाकलं की घरापुरती मासळी मिळायची, आणि आता मिळत नाही. “आमा खाऊन गेला,” ते म्हणतात. आमा म्हणजे कासव. मग माझ्याकडे बघून, “तुझा पगार आमा देतो. माझी मासळी आमा खातो.”

याला माझ्याकडे उत्तर नाही. गुहागरला मी लहान होते तेव्हा एका घरट्यासाठी कासवमित्र रात्रभर किनारा तुडवायचे. शंभरेक अंडी उचलून कुंपणात पुरायची, दीड-दोन महिने राखायची आणि पिल्लं बाहेर आली की गाव गोळा व्हायचं. 2022 मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं, त्यांना प्रथमा, सावनी, रेवा, लक्ष्मी, वनश्री अशी नावं दिली आणि लोक नातेवाइकांची खुशाली विचारावी तसं “रेवा कुठवर पोचली?” विचारायला लागले. तिथून मी इथे आले ती कासव म्हणजे फक्त वाचवायची गोष्ट, अशी समजूत घेऊन. इथे पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याने मला विचारलं, “वाचवून झालं. आता गवत कोण वाचवणार?” तेव्हा राग आला होता. हल्ली येत नाही. कासवांच्या बाजूने बोलणारे जगभर आहेत. कुरणाच्या बाजूने बोलणारा या बेटावर तरी मला मासेमारच भेटला.

दुपारी 3:30

पाटीवरचे आकडे वहीत, वहीतले संगणकात. वीज दोनदा गेली.

संध्याकाळी 5:45

ओहोटी. बायका आणि पोरं रीफवर कालवं आणि बिळांतले ऑक्टोपस शोधतायत. ठाण्याच्या काकू किनाऱ्यावर भेटल्या. त्यांना एक विचारायचं होतं: कासवीण पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, असं कीर्तनात ऐकलंय, ते खरं का?

दृष्टान्त फार सुंदर आहे, संतांनी पुन्हा पुन्हा वापरलाय. पण समुद्रातली कासवीण अंडी वाळूत पुरून पाण्यात जाते ती मागे वळत नाही. पिल्लं तिला कधी दिसतच नाहीत. पिल्लू नर होणार की मादी तेही वाळूच्या उबेवर ठरतं, जास्त उबेत माद्या. मी हे सगळं सांगितलं. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे वाळूच आई.”

कीर्तनकारांना कळवायला हवं.

रात्री 8:30

वही बंद करण्याआधी आजची नोंद. हिरवी कासवं अकरा, चोचीचं कासव, म्हणजे हॉक्सबिल, एक, तेही रीफच्या काठाला. पाठलाग एक. चौकटी चोवीस, त्यांतल्या नऊमध्ये नुसती वाळू.

तुम्ही आलात तर आपला मास्क घरूनच आणा, भाड्याचा नीट बसत नाही. फिन्स प्रवाळावर टेकवू नका. पाण्यात हात-पाय मारू नका, काकूंसारखे पडून राहा. आणि कासव बघून झालं की त्याच्या खाली गवत आहे का, तेही बघून या.