वेल घरची, पण घड कुठे?

नर्सरीतून आणलेली द्राक्षाची वेल दोन वर्षांत मांडवभर पसरते, सावली छान धरते, घड मात्र एकही येत नाही. पुण्या-नाशकातल्या कितीतरी परसांत हेच दिसतं. दोष मातीला दिला जातो, खताला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं: वेलीला वेळेवर कात्री लागलेली नसते.

थंड मुलखात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती घेते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. महाराष्ट्रात तशी थंडी नाही, त्यामुळे वेल वर्षभर वाढत राहते. म्हणून इथल्या बागायतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसवली: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी.

खरड छाटणीत ओलांड्यावर, म्हणजे मांडवावर पसरलेल्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून बाकीची काडी कापतात. भर उन्हाळ्यात वेल अशी बोडकी करायला घरच्या माळ्याचा हात धजावत नाही. पण पुढच्या फळाचा पाया इथेच पडतो. छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड आकार घेतात. त्या दिवसांत काडीला ऊन मिळालं नाही, तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. म्हणून दाटी करणाऱ्या फुटी निर्दयपणे काढाव्यात, आणि मुळात वेल लावतानाच दिवसभर ऊन येणारी जागा निवडावी.

मग येते गोडी छाटणी: पाऊस ओसरला की तपकिरी, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या सहा ते आठ डोळ्यांवर छाटायच्या. तिथून सुमारे चार महिन्यांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, घड काढणीला येतात.

दमट हवेत केवडा आणि कोरड्या थंडीत भुरी हे रोग नेहमीचे शत्रू. केवड्यावर बोर्डो मिश्रण आजही कामाला येतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात चोरांना दूर ठेवण्यासाठी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेली निरोगी राहतात हे मियार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने हा उपाय जगापुढे मांडला. घरच्यापुरतं प्रमाण सोपं आहे: लिटरभर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत, तेही प्लास्टिकच्या भांड्यात. भुरीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक वापरतात.

बिनबियांची हवी असतील तर थॉमसन किंवा तासगाव तालुक्यातल्या बोरगावची देणगी असलेली तास-ए-गणेश लावावी. फार काळजी घेणं जमणार नसेल, तर बियांची पण काटक बेंगलोर ब्लू बरी. बाजारातल्यासारखे लांबट, टपोरे मणी घरी दिसणार नाहीत, कारण व्यापारी बागेत त्यासाठी जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक वापरलं जातं. घरचा मणी लहान राहतो, गोडीत मात्र कमी नसतो.

काढणीची घाई करू नका. द्राक्ष तोडल्यानंतर आणखी गोड होत नाही. घडाच्या टोकाचा मणी सगळ्यात शेवटी पिकतो. तो चाखून पाहा, गोड लागला तरच घड कापा.