बेळगावात खानावळ कशी शोधावी

बारावीनंतर आपल्यापैकी काही जण थेट खडकवासल्याला जातील. बाकीचे आधी एखाद्या कॉलेजच्या गावात जातील. शाळेत आपल्या जेवणाची काळजी दुसऱ्या कोणी तरी घेतलेली असते. घंटा वाजते, फॉल-इन होतो आणि गरम ताट समोर येते. कॉलेजच्या गावात घंटा नसते. भूक लागली की समोर चायनीजची गाडी असते, वडापाव असतो आणि मोबाईलवर मागवता येणारे बरेच काही असते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे वजन पहिल्या सहामाहीत चांगलेच वाढले, काहींचे उतरले. ज्यांना पुढे सेवा निवड मंडळातून सैन्यात जायचे आहे, त्यांचे वैद्यकीय तपासणीत उंचीच्या मानाने वजन पाहिले जाते. तेव्हा रोज काय खायचे हा प्रश्न साधा नाही.

मी आपल्या शाळेचा माजी कॅडेट. गेली तीन वर्षे बेळगावात इंजिनिअरिंग शिकतो आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच गावात आहे. शिवाय मेडिकल, कायदा, कला, वाणिज्य अशी कॉलेजे असल्यामुळे बाहेरून आलेली मुले खूप. त्यांना जेवू घालणारी जुनी सोय म्हणजे खानावळ.

हा शब्द मराठीत आहे तसाच इथल्या कन्नडमध्येही आहे. तिकडे ‘खानावळी’ म्हणतात. घडणावळ म्हणजे घडवण्याची मजुरी, शिवणावळ म्हणजे शिवण्याची. खानावळ हा शब्द त्याच घडणीचा: जेवणाचा मोबदला, आणि मग तो देऊन जिथे जेवायचे ती जागा. हॉटेलात आपण पदार्थ मागवतो. खानावळीत त्या दिवशी घरात जे शिजले आहे ते ताटात येते. फरक एवढाच, पण महत्त्वाचा.

ताटात काय असते

बेळगावकडच्या शाकाहारी खानावळीत ज्वारीची भाकरी असते. कन्नडमध्ये तिला जोळद रोट्टी म्हणतात. ती गरम आणि मऊ मिळते किंवा वाळवलेली कडक मिळते. सोबत एण्णेगाई, म्हणजे आपली भरली वांगी. मटकी किंवा मुगाची उसळ, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची नाही तर कारळाची चटणी, वर दही. बाजूला कच्ची मेथी, कांदा, मुळा. शेवटी भात, सार आणि ताक. सणाच्या दिवशी होळिगे, म्हणजे पुरणपोळी.

या ताटामागे शास्त्र आहे. ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून तिचे पीठ गव्हाच्या कणकेसारखे ताणले जात नाही. उकळीच्या पाण्यात मळले की पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. कडक भाकरीतला ओलावा निघून गेलेला असतो, म्हणून ती कित्येक दिवस टिकते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि कडधान्यात भरपूर. कडधान्यात जे कमी ते धान्यात असते. म्हणजे भाकरी आणि उसळ एकमेकींची उणीव भरून काढतात. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा ती चटणी केवळ तोंडी लावण्यापुरती समजू नका.

चांगली खानावळ कशी ओळखावी

पहिल्या आठवड्यात कुठेही महिन्याचे पैसे भरू नका. तीन खानावळी निवडा आणि प्रत्येकीत निदान दोनदा जेवा: एकदा दुपारी गर्दीच्या वेळी, एकदा रात्री उशिरा. रात्रीच्या जेवणात दुपारचे काय काय परत आले ते लगेच कळते. मी पाहतो त्या गोष्टी अशा:

१. कोण जेवते आहे. फक्त विद्यार्थी असतील तर स्वस्ताई हे कारण असू शकते. कारकून, वकील, रिक्षावाले, बाजाराला आलेले शेतकरीही असतील तर चव आणि पोट दोन्हींची खात्री.

२. भाकरी थापल्याचा आवाज येतो का.

३. रोजची भाजी बदलते का. बाजारात मेथी स्वस्त असताना ताटात मेथी दिसली पाहिजे.

४. जेवण संपले की दार बंद होते का. ‘संपलं’ हा शब्द खानावळीत चांगला.

५. अन्न सुरक्षेचा १४ अंकी क्रमांक भिंतीवर आहे का, आणि पिण्याचे पाणी कुठून येते. हे विचारायला लाजू नये.

पालकांसाठी हिशोबाची एक गोष्ट. दोन वेळचे धरले तर महिन्याला ६० जेवणे होतात. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ सुट्टी असते, म्हणजे ५६ च्या आसपास उरतात. महिन्याच्या रकमेला ६० ने नव्हे, ५६ ने भागा. मग एका ताटाचा खरा भाव कळेल. गावी गेल्यावर खाडे वजा होतात का, आणि किती दिवस आधी सांगावे लागते, हेही आधीच विचारून घ्यावे.

चार कन्नड शब्द

बेळगावात मराठी चालते, पण पंगतीत कन्नड शब्द वापरले की वाढणाऱ्याचा हात सैल होतो. बेकु म्हणजे हवे, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, स्वल्प म्हणजे थोडे. भाजीला पल्या, दह्याला मोसरु, ताकाला मज्जिगे. वाढणाऱ्या बाईंना मराठी मुले मावशी म्हणतात, कन्नड मुले अक्का. दोन्ही हाका चालतात.

घरचे म्हणजे काय

आपल्या शाळेत बिहार, राजस्थान, हरियाणा, केरळ असे सगळीकडचे कॅडेट आहेत. ते म्हणतील, भाकरी-एण्णेगाई हे आमच्या घरचे जेवणच नाही. बरोबर आहे. माझा खोलीतला मित्र पाटण्याचा. पहिले दोन महिने तो फक्त भात खायचा. मग एकदा त्याला ताप आला आणि दोन दिवस तो खानावळीत गेला नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला विचारले, “तुझा तो उंच मित्र कुठंय रे? गावाला गेलाय की आजारी आहे?” आजारी आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याबरोबर मऊ भात आणि सार डब्यात दिले. पैसे घेतले नाहीत, खाडेही वजा केले. तो आता कडक भाकरी आवडीने खातो, पण माझ्या मते त्या आधीच त्याला खानावळ घरची झाली होती.

आपल्या शाळेत रोल कॉल असतो. कोणी नसले की लगेच कळते. बाहेरच्या गावात खोलीचे दार लावून मुलगा चार दिवस आत राहिला तरी कोणाला पत्ता लागत नाही. मोबाईलवर जेवण मागवले तर डबा दारात येतो, पण पाठवणारा आपल्याला ओळखत नाही. जिथे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आपण जेवतो, तिथे आपण न येण्याचीही दखल घेतली जाते. भाकरीइतकेच मला हे मोलाचे वाटते.

म्हणून पालकांनी मुलाला सोडायला जाताना खोलीबरोबर खानावळही पाहावी. एकदा त्याच्यासोबत तिथे जेवावे आणि खानावळ चालवणाऱ्यांचा फोन नंबर घेऊन ठेवावा. आणि कॅडेट मित्रांनो, तिथेही आपली शिस्त सोडू नका: आधी थोडे वाढून घ्या, ताटात टाकू नका, पैसे वेळेवर द्या, येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगा.