पिकअपचे क्रोम काळे करताना

फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो, राम १५०० या अमेरिकी पिकअपच्या अनेक आवृत्त्यांवर पुढची जाळी, बंपर, दारांच्या मुठी, आरशांची झाकणे आणि मागच्या फळीवरची नावाची अक्षरे क्रोमने झळाळत असतात. ही झळाळी घालवून गाडी एकरंगी, शक्यतो काळ्या तपशिलांची करण्याकडे आता अनेक मालकांचा कल आहे. कंपन्यांनीही तो ओळखला. रामची ‘नाइट एडिशन’ आणि शेव्हरोलेची ‘मिडनाइट एडिशन’ याच मागणीतून आल्या; भारतात टाटा मोटर्सने २०१९ मध्ये हॅरिअरची ‘डार्क एडिशन’ काढली. कारखान्यातून काळी होऊन आलेली गाडी बहुधा महाग पडते. त्यामुळे बरेच जण हे काम घरी किंवा ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे करून घेतात. काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे, आणि अडचण रंगाची नसून क्रोमच्या स्वभावाची आहे.

सजावटीचे क्रोम म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा. खाली पोलाद किंवा एबीएस प्लॅस्टिक, त्यावर बहुधा तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा थर. हा वरचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. आरशासारखी चमक मुख्यतः निकेलची असते. क्रोमियम ती काळवंडू देत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९२४ च्या सुमारास ही पद्धत व्यापारी वापरायोग्य झाली आणि पुढे मोटारींनी ती उचलून धरली. १९५८ च्या ब्यूकच्या जाळीत क्रोमचे १६० चौकोनी तुकडे होते. मात्र या मुलाम्याच्या हौदांत वापरला जाणारा हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नियम करून सजावटीच्या कामातून तो २०२७ पासून हटवायला सुरुवात करण्याचे ठरवले. गाडीवर बसलेले तयार क्रोम धातुरूपात असते आणि हाताळायला धोक्याचे नसते, तरी घासताना उडणारी त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये. पाणी लावून घासणे केव्हाही चांगले.

पहिले काम बॅज उतरवण्याचे. बॅज हा शेवटी चिकटवला जाणारा स्वतंत्र भाग असतो. २०२२ मध्ये निळ्या लंबगोल बॅजचा तुटवडा पडला, तेव्हा फोर्डच्या बांधून तयार झालेल्या काही गाड्यांची रवानगी लांबली होती. बहुतेक बॅज फोमच्या डबल साइड टेपवर बसतात, पण काहींच्या मागे खुंट्या असतात आणि त्या पत्र्यातल्या भोकांत बसलेल्या असतात. तसा बॅज काढला तर भोके उघडी पडतात, मग ती बुजवून अख्खी फळी रंगवावी लागते. म्हणून आधी मागच्या फळीचे आतले झाकण उघडून पाहावे किंवा त्या मॉडेलच्या सुट्या भागाचे चित्र तपासावे. खुंट्या असतील तर बॅज न काढता तो काळा करणेच शहाणपणाचे.

टेपवरचा बॅज हीट गनने किंवा साध्या हेअर ड्रायरने हळूहळू तापवावा. पत्रा हाताला सोसेल इतपतच गरम हवा. त्यापुढे रंगाला धोका. गोंद मऊ झाला की मासेमारीची तंगूस बॅजमागे घालून करवतीसारखी पुढेमागे ओढायची, म्हणजे फोम मधोमध कापला जातो. स्क्रूड्रायव्हरने उचकटण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याचा एक ओरखडाही सगळ्या कामावर पाणी फिरवतो. उरलेला गोंद अंगठ्याने वळत काढावा आणि राहिलेला गोंद काढण्याच्या द्रावणाने पुसावा.

एवढे झाल्यावरही जुन्या गाडीवर नावाची सावली उरते. बॅजखालच्या रंगाने ऊन पाहिलेले नसते, भोवतालचा मात्र फिकटलेला असतो. पॉलिशने हा फरक पुष्कळ कमी होतो. पण कारखान्याचे सगळे थर मिळून बहुधा शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात आणि वरचा पारदर्शक लॅकर त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. एकाच जागी घासत राहिल्यास तो संपतो, आणि मग पॉलिशचा काही उपयोग होत नाही.

आता क्रोमकडे. काही चिकटू नये, डाग राहू नये, हाच त्याचा गुण, आणि रंगाच्या बाबतीत तोच दोष ठरतो. नुसता पुसून रंग मारलेला क्रोमचा भाग लवकरच सालपटे सोडू लागतो. शक्य असेल तर भाग गाडीवरून उतरवावा. आधी साबणाने आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने धुवावा, मगच घासावा. उलटे केले तर मेण आणि तेल ओरखड्यांत जाऊन बसते. एबीएसवर अॅसिटोन किंवा जहाल थिनर लावू नये, प्लॅस्टिक विरघळते. ३२० किंवा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून ६०० नंबरवर यावे. अक्षरांच्या खाचांसाठी घासणीचा पॅड सोयीचा. चमक कुठेही शिल्लक राहता कामा नये. मुलामा सुटला असेल तर घट्ट धरलेल्या कडेपर्यंत घासावे, पोलादी बंपरवर गंज असेल तर थेट धातू दिसेपर्यंत. शेवटी स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाण्याचा सलग पडदा राहिला तर पृष्ठभाग तयार; थेंब गोळा झाले तर तेल अजून आहे.

त्यावर इपॉक्सी किंवा धातूला धरणारा प्रायमर, मग रंग, मग लॅकर. रंगाचा स्प्रे कॅन वीसएक सेंटिमीटरवर धरून पहिला हात अगदी विरळ द्यावा आणि प्रत्येक हातानंतर कॅनवर लिहिलेला वेळ थांबावे. दमट हवेत काही लॅकर दुधाळ पडतात, त्यामुळे कोकण-गोव्याकडे पावसाळ्यात हे काम उघड्यावर करू नये. हार्डनर मिसळलेला लॅकर सर्वांत टिकाऊ, पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क तेथे निरुपयोगी आहे. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर हा टप्पा कारागिराच्या रंगखोलीतच करून घ्यावा.

रंगाला पर्यायही आहेत. सोलून काढता येणारे रबरी लेपन जाळीसाठी बरे, कारण पुढे नको वाटल्यास खालचे क्रोम शाबूत मिळते. सपाट पट्ट्यांवर व्हिनाइल नीट बसते. पुढच्या बंपरवर कितीही चांगला रंग दिला तरी खडी उडून टवके जातात आणि खालचे क्रोम ठिपक्यांसारखे चमकते. तिथे कारखान्यातला काळा भाग विकत घेणेच अनेकदा परवडते.

जाळीवरच्या चिन्हामागे काही गाड्यांत रडार असते. त्यावर धातूचे कण असलेला रंग मारल्यास आपोआप वेग सांभाळणारी यंत्रणा बिघडू शकते. बंपरमधल्या पार्किंग सेन्सरवरही जाड थर देऊ नये. दिव्यांच्या काचा, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट कोणत्याही देशात रंगवू नयेत; रंग मारताना त्या झाकूनच ठेवाव्यात. भारतात नोंदणीपत्रात गाडीचा रंगही लिहिलेला असतो, म्हणून पट्ट्यांपलीकडे जाऊन अंगाचा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करावी.

रंगवलेले भाग दुसऱ्या दिवशी बसवता येतात, पण थर आतून वाळायला आणखी वेळ लागतो. निदान आठवडाभर गाडी जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये आणि महिनाभर त्या भागांवर मेण लावू नये.