इंजिन गार आहे तोवर

सकाळचे सहा. टॅपेट लावायचे तर इंजिन रात्रभर निवलेलं हवं, म्हणून सुटीच्या दिवशीही मी या वेळेला शेडमध्ये असतो. शिवाय कोल्हापुरात मार्च लागला की दहानंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही. लोखंडी घोड्यांवर चढवलेली गाडी महिंद्राची सीजे-थ्री-बी आहे, १९६०च्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी. ज्यांच्याकडून घेतली त्या आबांनी ती गोठ्याशेजारच्या छपरात बरीच वर्षं झाकून ठेवली होती, म्हणून तिचं मूळ इंजिन वाचलं. पेट्रोल महागत गेलं तशी या भागातल्या कितीतरी जीपगाड्यांची पेट्रोल इंजिनं उतरली, त्यांच्या जागी डिझेल बसली आणि गाड्या वडापला, म्हणजे सीटवर प्रवासी वाहायला, लागल्या.

या इंजिनाची रचना मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होते. ते इंजिन ६० अश्वशक्तीचं. पुढे विलिजच्या इंजिनिअरांनी तोच २,१९९ सीसीचा ब्लॉक घेतला, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली राहू दिले आणि इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. मोठा इनलेट व्हॉल्व्ह बसला, श्वास मोकळा झाला, ताकद सत्तरच्या पुढे गेली. पण इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग १९५३ साली बॉनेटच उंच केलं. सीजे-थ्री-बीचा तो उंच कपाळाचा चेहरा असा आला. काहींना तो बेढब वाटतो. मला त्यात एक सरळपणा दिसतो: आतल्या यंत्राला जागा हवी होती, ती दिली.

पुतण्या डोळे चोळत आला आहे. चारही प्लग काढून ठेवले, म्हणजे हँडल हलकं फिरतं. त्याला पहिल्यापासून शिकवलं आहे की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही. प्लग काढलेले असताना इंजिन उलटा दणका देत नाही, पण सवय आत्ताच लागलेली बरी. मी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवतो आणि तो सावकाश फिरवतो. हवा बोटाला ढकलू लागली की कॉम्प्रेशन आलं. पिस्टन वर पोचला की थांबायचं आणि त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह लावायचे. इनलेटला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मग पुढचा नंबर तिसऱ्याचा, मग चौथ्याचा, शेवटी दुसऱ्याचा.

इनलेटचं काम वरून, रॉकरवर, उजेडात होतं. एक्झॉस्टसाठी मात्र मॅनिफोल्डच्या खालून हात घालून बाजूचं झाकण काढावं लागतं. तिथं दोन पाने धरायचे, शिवाय फीलर गेजचं पातं सरकवायचं, आणि दिसत जवळपास काहीच नाही. ओढताना पात्याला किंचित अडकाव जाणवला पाहिजे. सहज निघालं तर ढिलं, ओढावं लागलं तर घट्ट. एक्झॉस्ट घट्ट ठेवला तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळक्या वायूला निसटायला फट राहते आणि कडा जळते. टॅपेटचा थोडा आवाज चालतो, जळलेला व्हॉल्व्ह चालत नाही. "काका, वाजतंय म्हणून लोक घट्ट करतात ना?" त्यानं विचारलं. करतात, आणि इंजिन उघडायची वेळ त्यामुळेच येते.

आठ वाजता घरातून हाक आली. "हात धुऊन ये रं, रॉकेलचा वास येतोय," आई म्हणाली. पोहे खाल्ले, चहा घेतला.

साडेआठ ते साडेअकरा पुढचं डावं चाक. आजचं खरं काम हेच. जुन्या विलिजच्या पद्धतीप्रमाणे या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे आहेत. माहीत नसलेला माणूस सोडतोय असं समजून आवळत जातो आणि स्टड तुटतो. इथले तुटलेले स्टड मी आधीच बदलून घेतले होते. दुसरी काळजी पान्यांची. सगळे नट इंची मापाचे आहेत. १३ मिमीचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो खरा, पण जरासा ढिला, आणि तेवढ्या फरकानं नटाचे कोपरे गोल होतात. इंची पान्यांचा संच ही या कामातली पहिली खरेदी असली पाहिजे. रंग, सीट, हूड सगळं नंतर.

चाक काढण्याआधी ते वरखाली धरून हलवलं. खुळखुळ होती. ती चाकाच्या बेअरिंगची की किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खुंटीची, हे ओळखायची जुनी युक्ती आहे: दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. खुळखुळ थांबली तर चाकाचं बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. तशीच राहिली. आबा सांगायचे की चाळीसच्या पुढं गेलं की स्टिअरिंग थरथरतं. त्याचं एक उत्तर इथं होतं. दुसरं पुढच्या क्रॉसमेंबरवरच्या बेलक्रँकमध्ये असणार, ते पुढच्या सुटीला.

हब उतरवला, ड्रम उतरवला, नकल म्हणजे किंगपिनवर वळणारा सांधा उघडला. आतलं ग्रीस काळं आणि घट्ट झालेलं, त्यात मातीही होती. म्हणजे मागच्या बाजूचं सील कधीच गेलेलं. डिझेलनं धुतल्यावर खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरचे ठसे स्पष्ट दिसले, बोटाच्या नखाला लागतील एवढे खोल. गाडी वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर चालली की किंगपिनचं बेअरिंग एकाच जागी हादरे खातं आणि तिथंच खड्डे पडतात. अशी वाटी घासून चालत नाही, बदलावी लागते. ती छिन्नीनं तिरपी न ठोकता पितळेच्या सळईनं चहूबाजूंनी थोडीथोडी सरकवत काढली.

नवीन बेअरिंग बसवल्यावर शिमचा हिशेब सुरू होतो. वर आणि खाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. त्या काढल्या की बेअरिंग आवळतं, घातल्या की सैल होतं. एकाच बाजूच्या काढून भागत नाही, कारण मग नकल वर किंवा खाली सरकते आणि आतला अॅक्सल मध्यावर राहत नाही. वरखाली जाडी सारखी ठेवायची. सील न लावता स्टिअरिंग आर्मच्या टोकाला आकड्याचा तोलकाटा अडकवून ओढायचं, आणि नकल फिरायला किती जोर लागतो ते मॅन्युअलशी ताडून पाहायचं. वरखाली एकेक शिम काढली, पुन्हा बसवलं, पुन्हा ओढलं. घाई असलेला माणूस हे अंदाजानं करतो, आणि सहा महिन्यांत थरथर परत येते. पुतण्या आता न सांगता आकडा वहीत लिहितो. मला त्याचं कौतुक वाटतं.

दुपारी बारा, उद्यमनगरची कारखान्यांची वसाहत. ड्रम लेथवर चढवला की मिस्त्री आधी डायल लावून बघतात. "दादा, ह्यो अंडाकृती झालाय, म्हणून पेडल पायाखाली उचलत असणार." तसंच होतं. त्यांनी एकदम मोठा कट घेतला नाही. थोडं थोडं घेत गेले आणि सगळीकडं चकाकी आली तिथं थांबले. एका अॅक्सलवरचे दोन्ही ड्रम सारख्याच मापाचे हवेत, नाहीतर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. म्हणून उजवाही सोबत आणला होता. कास्टिंग, लेथ, सुटे भाग हे सगळं या वसाहतीत चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं, आणि अशा शहरात जुनी गाडी घरी उभी करणं शक्य होतं ते त्यामुळंच.

एक गोष्ट आपल्याकडं पुरेशी सांगितली जात नाही. १९४९ साली मुंबईच्या माझगावात महिंद्राकडं विलिजचे सुटे भाग जोडून गाड्या बनू लागल्या, आणि अमेरिकेत सीजे-थ्री-बी १९६८ साली बंद झाली तरी आपल्याकडं ती पुढं बनत राहिली. म्हणून तिचे कित्येक भाग आजही भारतात तयार होतात आणि परदेशातल्या हौशी लोकांपर्यंत जातात. दर्जा मात्र सारखा नसतो. नवीन आणलेला प्रत्येक भाग जुन्याशेजारी ठेवून कॅलिपरनं मोजल्याशिवाय मी बसवत नाही. आज आणलेल्या व्हील सिलिंडरांपैकी एकाचे आटे कच्चे निघाले. तो लगेच परत दिला.

तीन वाजता आबा आले. ऊन उतरायची वाट न बघता आले, कारण मागच्या चौकटीचं ठरवायचं होतं. आबांनी ही गाडी दूध संस्थेचे कॅन वाहायला वापरली. त्यासाठी मागं अँगलची जड चौकट वेल्ड केलेली, आणि पाण्याच्या टाकीचा ट्रेलर ओढायला एक हुक. चौकटीच्या वेल्डिंगपासून चासीला बारीक चीर गेली आहे, आणि चौकटीमुळंच तळाच्या पत्र्याखालच्या पन्हळीत चिखल अडकून पत्रा कुजला आहे. हुक बोल्टनं लावलेला, कुठंही नुकसान न करणारा.

"आबा, चौकट कापतो. हुक ठेवू?"

"चौकट काप की, ती गरजेपायी लावलेली. हुक ठेव. मेस्त्रीनं घरात बसून घडवलाय तो."

माझाही निर्णय तोच होता. जुनी गाडी नीट करणाऱ्यांत दोन टोकं दिसतात. एक जण कारखान्यातून निघाली त्या दिवसासारखी करायला बघतो आणि मधली सगळी वर्षं घासून टाकतो. दुसरा मोठे टायर, नवं डिझेल इंजिन आणि चकचकीत बंपर लावून तिची दुसरीच गाडी करतो. ज्या दुरुस्तीनं ही जीप चालत राहिली ती मला ठेवायची आहे, आणि जिच्यामुळं ती झिजत गेली ती काढायची आहे. ग्राइंडरनं चौकट कापली, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली म्हणजे ती पुढं सरकणार नाही, आणि कुजलेल्या पत्र्यावर खडूनं रेघ मारली. गंजावर लांबी भरून रंग देणं मला मान्य नाही. पत्रा कापून नवा तुकडाच घालणार.

कागदांचंही बोलणं झालं. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. मला ही गाडी घेऊन गगनबावड्याला जायचं आहे, बाजारातही जायचं आहे. म्हणून पर्यावरण कर भरून जुनीच नोंदणी पुढं चालू ठेवायची, असं ठरवलं. आबांना ते पटलं. गाडी दाखवायला ठेवायची कल्पनाच त्यांना रुचत नाही.

साडेपाचला ब्रेक. या गाडीला एकच ब्रेकलाइन आहे. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून जुने सगळे रबरी वायसर फेकले आणि नळ्या नव्या टाकल्या. पूर्वी कुणीतरी ब्रेकऑइलमध्ये दुसरं तेल मिसळलेलं, त्यानं रबर फुगून मऊ झालं होतं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात केली. पुतण्या पेडलवर, मी निपलवर. "दाब. धर. सोड." बुडबुडे संपेपर्यंत हेच. पेडल आता निम्म्याच्या वर घट्ट राहतं.

साडेसात. प्लग बसवले, इंजिन सुरू केलं, थोडं तापू दिलं. टॅपेटचा हलका, एकसारखा टकटक आवाज येतोय, त्यात कुठंही अडखळ नाही. ब्रेक दाबून धरायला लावून मी प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघितला; कागद कोरडाच राहिला. उजव्या बाजूची नकल अजून उघडायची आहे. तिची दोन बेअरिंगं आणि फेल्टचं सील आजच आणून ठेवलंय.