लहान मेंदूतील ‘वाघाचे पट्टे’

सततची डोकेदुखी, सकाळी होणाऱ्या उलट्या आणि चालताना जाणारा तोल. घोडेगावसारख्या तालुक्याच्या गावी ही लक्षणे सहज पित्ताच्या नावावर खपून जातात. क्वचित मात्र त्यांचे मूळ लहान मेंदूतील गाठीत असते. अशीच एक अत्यंत दुर्मीळ गाठ म्हणजे ‘लेर्मित-द्युक्लो’ विकार. फ्रान्समधील लेर्मित आणि द्युक्लो यांनी १९२० मध्ये तिचे वर्णन केले. तरुण व मध्यमवयीन व्यक्तींत ती प्रामुख्याने आढळते.

या गाठीची ओळख पटते ती एमआरआय तपासणीत. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात ‘जीएमआरटी’च्या ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी अवकाशातील हायड्रोजनच्या रेडिओलहरी टिपतात. एमआरआय यंत्रही हायड्रोजनचेच रेडिओ संकेत टिपते. फक्त हा हायड्रोजन शरीरातील पाण्यातला आणि चरबीतला असतो. निरोगी आणि विकारग्रस्त ऊतींचे संकेत वेगळे असल्याने चित्रात छटांचा फरक उमटतो.

लहान मेंदूवर मुळातच बारीक घड्या असतात. या विकारात घड्यांचे आतील थर विकृत चेतापेशींमुळे जाड होतात. घड्यांची रचना मात्र मोडत नाही. त्यामुळे ‘टी-२’ प्रकारच्या चित्रात उजळ आणि करड्या रेषा आलटून-पालटून दिसतात. डॉक्टर त्यांना ‘वाघाचे पट्टे’ म्हणतात. शिरेतून रंगद्रव्य दिल्यावरही गाठ सहसा उजळत नाही. सीटी स्कॅनमध्ये केवळ एक फिकट काळसर भाग दिसतो. कवटीच्या जाड हाडांमुळे तेथील बारकावे अस्पष्ट होतात.

हे पट्टे ओळखणे महत्त्वाचे, कारण ही गाठ सौम्य, पहिल्या श्रेणीची असते. याच जागी होणारा ‘मेड्युलोब्लास्टोमा’ हा कर्करोग कधीकधी असाच भास निर्माण करतो. त्याचे उपचार मात्र सर्वस्वी वेगळे आहेत. तथापि, सौम्य गाठही दुर्लक्षण्याजोगी नसते. तिच्या दाबाने मेंदूतील द्रवाचा मार्ग अडला, तर जिवावर बेतू शकते. अशा वेळी शस्त्रक्रिया करावी लागते.

प्रौढांमधील या गाठीचा ‘पीटेन’ जनुकातील दोषाशी, म्हणजेच ‘काउडेन’ आनुवंशिक विकाराशी निकटचा संबंध आहे. त्यात स्तन, थायरॉइड व गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच हे पट्टे दिसल्यावर रुग्णाची जनुकीय चाचणी आणि या अवयवांची नियमित तपासणी आवश्यक ठरते. दोष आढळल्यास कुटुंबीयांनाही वेळीच सावध होता येते.