मुंबईतील बीटल्सशी संबंधित स्थळे

मुंबईतील बीटल्सशी संबंधित स्थळे म्हणजे 'द बीटल्स' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाच्या, विशेषतः त्याचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) याच्या, १९६६ व १९६८ मधील मुंबई भेटींशी निगडित असलेल्या जागा होत. यांपैकी कुलाब्यातील ताजमहाल हॉटेल आणि फोर्ट भागातील एचएमव्ही कंपनीचा ध्वनिमुद्रण कक्ष या दोन जागा सर्वांत महत्त्वाच्या आहेत. बीटल्सने मुंबईत एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. तथापि त्यांच्या एका गीताचा संपूर्ण वाद्यसंगीताचा भाग याच शहरात ध्वनिमुद्रित झाला.

पार्श्वभूमी

बीटल्सची स्थापना इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाली. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार हे त्याचे चार सदस्य होत. १९६५ मध्ये 'हेल्प!' या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी हॅरिसनचा सतारीशी प्रथम परिचय झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रकाशित झालेल्या 'रबर सोल' या संग्रहातील 'नॉर्वेजियन वुड' या गीतात त्याने सतार वाजवली. जून १९६६ मध्ये लंडन येथे त्याची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि त्यांच्याकडे रीतसर शिक्षण घेण्याचे त्याने ठरवले. जुलै १९६६ मध्ये मनिलाहून परतताना चौघेही सदस्य दिल्लीत थांबले होते. मुंबईशी त्यांचा संबंध मात्र हॅरिसनच्या द्वारेच आला.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंत बीटल्सचे संगीत त्याआधीच पोहोचले होते. 'जानवर' (१९६५) या हिंदी चित्रपटात शंकर-जयकिशन यांनी बीटल्सच्या 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' या गीताच्या चालीवर आधारलेले गाणे दिले होते.

ताजमहाल हॉटेल, कुलाबा

गेटवे ऑफ इंडियासमोरील हे हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन व त्याची पत्नी पॅटी बॉइड येथे टोपणनावाने उतरले. ओळख पटू नये म्हणून त्याने मिशाही वाढवल्या होत्या. तरीही थोड्याच दिवसांत बातमी फुटली आणि हॉटेलबाहेर चाहत्यांची गर्दी जमू लागली. अखेर हॅरिसनला हॉटेलात पत्रकार परिषद घ्यावी लागली. आपण संगीत शिकण्यासाठी आलो असून शांतता हवी आहे, असे त्याने तेथे स्पष्ट केले. त्यानंतर रविशंकर यांच्यासमवेत हे दांपत्य काश्मीरला गेले व तेथेही शिक्षण चालू राहिले.

मुंबईतील वास्तव्यात रविशंकर यांच्याबरोबरच त्यांचे शिष्य शंभू दास यांनीही हॅरिसनला सतारीचे धडे दिले. जमिनीवर मांडी घालून सतार धरण्याची सवय नसल्याने त्याला त्रास होई. त्यासाठी योगासनांचेही शिक्षण देण्यात आले. या शिक्षणाचा प्रभाव 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) या संग्रहातील 'विदिन यू विदाउट यू' या त्याच्या रचनेत दिसून येतो.

हॅरिसन उतरला त्या काळी हॉटेलची जुनी घुमटाकार वास्तू एवढीच होती. शेजारची उंच मनोऱ्याची इमारत १९७० च्या दशकात उभी राहिली. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या वास्तूचे मोठे नुकसान झाले होते. दुरुस्तीनंतर ती पुन्हा खुली करण्यात आली.

एचएमव्ही ध्वनिमुद्रण कक्ष, फोर्ट

हा कक्ष फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत होता. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन जो मॅसट दिग्दर्शित 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी येथे आला. कक्षातील साधने लंडनच्या तुलनेत जुनी असल्याने दोन मार्गिकांचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण यंत्र कोलकात्याहून मागवावे लागले. भिंती पुरेशा ध्वनिरोधक नव्हत्या. रस्त्यावरील वाहनांचा आवाज आत येत असे आणि इमारतीतील कचेऱ्या सुटण्याच्या वेळी जिन्यावरील पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे, अशी आठवण हॅरिसनने पुढे सांगितली.

या सत्रांत शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी), आशिष खाँ (सरोद), शंभू दास (सतार), चंद्रशेखर नारिंग्रेकर (सूरबहार), हनुमान जाधव (सनई), विनायक व्होरा (तारशहनाई) व रिजराम देसाड (हार्मोनियम व तालवाद्ये) यांसारख्या वादकांचा सहभाग होता. शर्मा व चौरसिया यांचा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा गाजलेला संग्रह नुकताच, १९६७ मध्ये, एचएमव्हीने प्रकाशित केला होता.

चित्रपटाचे काम आटोपल्यावर हॅरिसनने याच वादकांकडून आणखी काही धुना वाजवून घेतल्या. त्यांपैकी एक 'द इनर लाइट' या गीतासाठी वापरली गेली. गीताचा आशय 'ताओ ते चिंग' या चिनी ग्रंथावर आधारलेला असून, त्यातील एका उताऱ्याला चाल लावण्याची सूचना केंब्रिज येथील संस्कृतचे अभ्यासक हुआन मास्कारो यांनी केली होती. गायन फेब्रुवारीत लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर हे गीत प्रकाशित झाले. बीटल्सच्या एकगीत तबकडीवर स्थान मिळालेली हॅरिसनची ही पहिली रचना होय. तसेच, युरोपाबाहेरील ध्वनिमुद्रण कक्षात तयार झालेले बीटल्सचे हे एकमेव गीत आहे. तबकडीवर मात्र मुंबईच्या वादकांची नावे नव्हती, त्यामुळे त्यांचा वाटा सामान्य श्रोत्यांना बराच काळ अज्ञात राहिला. 'वंडरवॉल म्युझिक' हा संग्रह नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रकाशित झाला. बीटल्सच्या सदस्याचा हा पहिला स्वतंत्र संग्रह मानला जातो.

लिव्हरपूलशी तुलना

बीटल्सशी निगडित पर्यटनाचे प्रमुख केंद्र लिव्हरपूल हे आहे. तेथील कॅव्हर्न क्लबमध्ये बीटल्सने १९६१ ते १९६३ या काळात जवळपास ३०० कार्यक्रम केले. १९७३ मध्ये हा क्लब बंद झाला व पुढे जागा पाडण्यात आली. १९८४ मध्ये काही जुन्या विटा वापरून त्याची पुन्हा उभारणी करावी लागली. या अनुभवानंतर जतनाकडे अधिक लक्ष दिले गेले. मॅकार्टनी व लेनन यांची बालपणीची घरे आज 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेच्या ताब्यात असून ती दर्शकांना पाहता येतात. लंडनमधील ॲबी रोडवरील पादचारी पट्ट्यांना २०१० मध्ये संरक्षित दर्जा देण्यात आला. भारतात, १९६८ मध्ये बीटल्स राहिले तो ऋषिकेश येथील महर्षी महेश योगी यांचा ओसाड पडलेला आश्रम २०१५ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला. मुंबईतील स्थळांचे स्वरूप याहून वेगळे आहे: एक चालू हॉटेल आहे, तर दुसरी कचेऱ्यांची इमारत. हॅरिसनने येथे घालवलेल्या दिवसांचा खरा ठेवा वास्तूंपेक्षा ध्वनिमुद्रणांतच उरला आहे.

स्थळदर्शन

दोन्ही स्थळे दक्षिण मुंबईत असून एकाच फेरीत पायी पाहता येतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दादाभाई नौरोजी मार्गाने निघाल्यास हुतात्मा चौकाच्या अलीकडे फिरोजशहा मेहता मार्ग लागतो. तेथून हुतात्मा चौक व काळा घोडा या भागांतून गेटवे ऑफ इंडियापर्यंत जाता येते. याच फेरीत कुलाब्याचा परिसरही पाहता येतो. १९७२ मध्ये 'लेड झेपेलिन' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी तेथील 'स्लिप डिस्क' या नृत्यगृहात वादन केले होते. त्यांनी मुंबईच्या वादकांसह केलेली ध्वनिमुद्रणे २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाली.